पिंजऱ्यातली भांडणे, उपटलेली पिसे : फिंचच्या पैदाशीचा इतिहास

पिंजऱ्यात ठेवल्या जाणाऱ्या चिमुकल्या दाणेखाऊ पक्ष्यांना पक्षिपालकांच्या बोलण्यात सरसकट ‘फिंच’ म्हणतात. त्यांतले बहुतेक पक्षी एस्ट्रिल्डिडी या कुळातले आहेत. या कुळात सुमारे १४० जाती असून त्या आफ्रिका, दक्षिण व आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियात आढळतात. आपल्याकडच्या मुनिया, ज्यांना मनोली असेही नाव आहे, याच कुळातल्या. ऑस्ट्रेलियाचे झेब्रा फिंच व गोल्डियन फिंच आणि जपानमध्ये माणसाने घडवलेला बेंगालीज फिंच हेही त्यांचेच भाऊबंद. हे पक्षी पैदाशीसाठी ठेवले की दोन तक्रारी हटकून पुढे येतात. नर एकमेकांवर, कधी मादीवर, कधी स्वतःच्या पिल्लांवरही तुटून पडतात. दुसरी तक्रार पिसांची : डोके, मान किंवा पाठ उपटली जाऊन पक्षी बोडके होतात. आरंभी ही भांडणे करमणुकीचा विषय होती. पुढे ती पक्ष्याचा दुर्गुण मानली गेली. त्यांचे मूळ बहुतांशी पिंजऱ्याच्या रचनेत आणि पैदाशीच्या घाईत असते, हे विसाव्या शतकात उमगले.

या कुळातला जगभर पोचलेला एक भारतीय पक्षी म्हणजे लाल मुनिया. सतराव्या शतकात अहमदाबादहून हे पक्षी पिंजऱ्यांत भरून सुरतेला येत आणि तिथून जहाजांनी बाहेर जात. अहमदाबादच्या नावावरूनच युरोपीय भाषांत या पक्ष्याचे नाव पडले, आणि १७५८ मध्ये लिनियसने दिलेल्या शास्त्रीय नावातही ते कायम राहिले. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात पश्चिम भारतात होता. जुन्नरपर्यंत जाऊन आलेल्या या प्रवाशाने १६९८ मध्ये छापलेल्या आपल्या वृत्तांतात या पक्ष्यांची नोंद केली आहे. एकेका पिंजऱ्यात पन्नास पन्नास पक्षी ठेवलेले असत, एकाने सूर धरला की बाकीचे त्याला साथ देत, आणि ऐकणाऱ्याला हा मेळा सुखद वाटे, असे तो सांगतो. त्याच्या या नोंदीत भांडणाचा उल्लेख नाही.

त्यानंतर दोनशे वर्षांनी त्याच पक्ष्याचे अगदी वेगळे चित्र कागदावर आले. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ याने चार्ल्स डार्विनला भारतीय पक्ष्यांविषयी पुष्कळ माहिती पुरवली होती. लाल मुनियांच्या झुंजी कशा लावतात हे त्याने कळवले, आणि डार्विनने ते १८७१ च्या ‘द डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथात दिले. तीन लहान पिंजरे ओळीने ठेवायचे, मधल्यात मादी आणि दोन बाजूंना एकेक नर. थोडा वेळ तसेच राहू द्यायचे आणि मग दोन्ही नर मोकळे सोडायचे. सोडताच ते एकमेकांवर तुटून पडत. डार्विनला या प्रकारात मादीसाठी नरांनी केलेल्या स्पर्धेचा पुरावा दिसला. झुंज लावणाऱ्यांना मात्र तो तमाशा होता. प्राण्यांना झुंजायला चिथावणे भारतात १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरले.

फ्रायर आणि ब्लाइथ यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की फिंचच्या भांडणाचे मुख्य सूत्र हाती लागते. एकाच जातीचे पन्नास पक्षी गुण्यागोविंदाने गातात, आणि त्याच जातीचे दोन नर एका मादीसमोर जिवावर उठतात. लाल मुनियाच्या नराला पावसाळ्यातल्या विणीसाठी पांढऱ्या ठिपक्यांचा लाल पेहराव येतो, आणि वीण संपली की तो मादीसारखा मळकट दिसू लागतो. विणीबाहेरच्या काळात हे पक्षी गवताळ, दलदलीच्या जागी थव्याने चरतात. विणीच्या काळात मात्र जोडी आपल्या घरट्यापुरती जागा राखते. म्हणजे लाल मुनिया भांडखोर की शांत, या प्रश्नाला ऋतू, घरटे आणि जोडीदार यांच्याशिवाय उत्तर नाही. झुंजी लावणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक होते, म्हणून तर ते मादीला मध्ये ठेवत. पैदास करणाऱ्यांना तोच धडा उलट बाजूने शिकायला आणखी शंभर वर्षे लागली.

फ्रायर आणि ब्लाइथ यांच्या दरम्यानच्या काळात जपानमध्ये वेगळी वाट चोखाळली गेली. पांढऱ्या पाठीची मुनिया भारतात आढळते, तशी चीनमध्येही आढळते. १७६० च्या दशकात चीनमधून या मुनिया जपानच्या क्युशू बेटावरच्या एका सरदाराकडे आल्या. तिथे त्यांची पिढ्यान्‌पिढ्या पैदास झाली. पालकांनी निवड केली ती नेटाने अंडी उबवणाऱ्या, पिल्ले न टाकणाऱ्या, परक्या पिल्लांनाही चारा भरवणाऱ्या पक्ष्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्यात पांढरी पिसे दिसू लागली, आणि १८६० च्या सुमारास हे पक्षी युरोपात पोचले. आजचा बेंगालीज फिंच तो हाच. त्याचे नाव बंगालवरून पडले असले, तरी बंगालशी त्याचा संबंध नाही.

जपानी संशोधक काझुओ ओकानोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडच्या दशकांत रानटी मुनिया आणि बेंगालीज फिंच यांची तुलना केली. पाळीव पक्ष्यांत ताणाशी निगडित कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक कमी आढळले, ते कमी बुजरे होते आणि त्यांचे गाणे अधिक गुंतागुंतीचे होते. अडीचशे वर्षांच्या निवडीने स्वभावही बदलतो, हे यातून स्पष्ट झाले. एकाच घरट्यात अनेक बेंगालीज फिंच दाटीवाटीने झोपतात, एकमेकांची पिसे विंचरतात आणि सहसा भांडत नाहीत. भांडण आवरण्याचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत यशस्वी उपाय म्हणावा लागेल. पण त्याला अनेक पिढ्या लागल्या, आणि तो एकाच जातीवर झाला.

युरोपात परदेशी फिंच पाळण्याची लाट आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. वाफेच्या जहाजांमुळे आफ्रिका, भारत आणि ऑस्ट्रेलियातून पक्षी जिवंत पोचू लागले. जर्मनीत कार्ल रुस याने १८७२ मध्ये पक्षिपालनाला वाहिलेले ‘डी गेफीडर्टे वेल्ट’ हे नियतकालिक सुरू केले. घरातली एक खोली झाडाझुडपांसह पक्ष्यांसाठी मोकळी ठेवायची, ही पद्धत त्याने लोकप्रिय केली. इंग्लंडमध्ये १८९४ मध्ये आर्थर बटलर याचा परदेशी फिंचवरचा सचित्र ग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षी तिथे ॲव्हिकल्चरल सोसायटी स्थापन झाली. या काळच्या लेखनात जाती स्वभावावरून ओळखल्या जात : ही शांत, ती भांडखोर. अनुभवाने काढलेले हे निष्कर्ष पुष्कळदा खरे होते. मात्र ज्या जातीला एक पालक गुणी म्हणे, तिलाच दुसरा खुनशी ठरवी. एकाची खोली मोठी असे, दुसऱ्याचा पिंजरा खिडकीत टांगलेला असे, हा फरक नोंदीत फारसा उतरत नसे.

झेब्रा फिंचच्या बाबतीत हा घोटाळा सर्वांत ठळक झाला. हा पक्षी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात थव्यांनी राहतो. घरटी काटेरी झुडपांत जवळजवळ असतात, आणि नर राखतो ती फक्त घरट्याभोवतीची थोडी जागा. विणीचा ठरावीक महिना नसतो. पाऊस पडला आणि गवताला बी धरले की जोड्या कामाला लागतात. मादी साधारण चार ते सहा अंडी घालते, ती १२ ते १४ दिवसांत उबतात. पिल्ले तीन आठवड्यांच्या आसपास घरट्याबाहेर पडतात आणि पाचव्या आठवड्याच्या सुमारास स्वतः दाणे टिपू लागतात. हवामान साथ देत असेतो जोडी लगोलग दुसरी वीण धरते. घरट्याच्या आत पिसे, लोकर असे मऊ अस्तर लागते, ते पक्षी आसपासच्या मोकळ्या रानातून गोळा करतात.

हाच पक्षी पिंजऱ्यात आला. तिथे दाणा रोज भरलेला, पाणी रोज ताजे, घरटे कायम टांगलेले. पक्ष्याच्या दृष्टीने तो कधीही न संपणारा पावसाळाच झाला. पहिली पिल्ले घरट्याबाहेर पडून चारा मागत असतानाच जोडी पुढच्या विणीची तयारी करू लागे. अस्तराला पीस लागे, आणि पिंजऱ्यात सर्वांत जवळचे मऊ पीस असे ते पिल्लांच्या पाठीवर. ती पिल्ले दूर उडून जाऊ शकत नसत. आईबापांपैकी एक किंवा दोघेही त्यांना उपटू लागत. कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त असते. ते उपटले की जखम होते, आणि लाल जखमेकडे इतर पक्ष्यांचीही चोच वळते. अशा आईबापांना बराच काळ विकृत ठरवून पैदाशीतून काढले गेले. वास्तविक ते रानातले काम पिंजऱ्यातल्या साधनांनी करत होते.

ही उकल होण्यासाठी वर्तनशास्त्राची मदत झाली. नॉर्वेच्या थोरलेफ शेल्डेरुप-एबे याने १९२१ च्या सुमारास कोंबड्यांचे टोचण्याचे नियम मांडले. खुराड्यात कोण कोणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते, आणि ती एकदा ठरली की भांडणे कमी होतात, हे त्याने दाखवले. त्यामुळे वसलेल्या पिंजऱ्यात नवा पक्षी घातला की सगळी घडी का विस्कटते, याचे उत्तर मिळाले. ऑस्ट्रियाचा कोनराड लोरेंट्स याने १९४९ च्या आपल्या लोकप्रिय पुस्तकात दोन वेगळ्या जातींच्या होल्यांची हकीगत दिली. जोडी जमेल म्हणून त्याने ते एका पिंजऱ्यात ठेवले आणि तो बाहेर गेला. परतला तेव्हा एकाने दुसऱ्याचे डोके, मान आणि पाठ उपटून सोलून काढली होती. लोरेंट्सचा निष्कर्ष असा : ज्या पक्ष्यांकडे मारक हत्यार नसते, त्यांच्यात हरलेला उडून जातो आणि भांडण मिटते. मारणे थांबवण्याची अंगभूत सवय त्यांच्यात विकसितच होत नाही. पळायला जागा नसेल, तर शांततेचे प्रतीक मानला गेलेला पक्षीही दुसऱ्याला सोलतो. फिंच पाळणाऱ्यांसाठी हा फार महत्त्वाचा धडा होता. रानातले भांडण क्षणाचे असते, पिंजऱ्यात तेच दिवसभर चालते, कारण हरलेल्याला कुठेच जाता येत नाही.

१९५४ मध्ये डेस्मंड मॉरिस यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेला झेब्रा फिंचच्या विणीच्या वर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस इमेलमान यांनी पुढे ऑस्ट्रेलियात जाऊन हेच पक्षी रानात पाहिले, आणि पाऊस व वीण यांचे नाते नोंदवले. ऑस्ट्रेलियाने १९६० मध्ये देशी पक्ष्यांची निर्यात बंद केली. बाहेरच्या जगातल्या पालकांना आता हाताशी असलेल्या पक्ष्यांवरच पैदास चालवावी लागणार होती. मेलेल्या किंवा बिघडलेल्या जोडीच्या जागी नवी जोडी विकत आणणे, हा सोपा उपाय संपला.

या टंचाईतून गोल्डियन फिंचच्या पैदाशीत बेंगालीज फिंचचा दाईसारखा वापर वाढला. गोल्डियनची अंडी काढून बेंगालीजच्या घरट्यात ठेवायची आणि पिल्ले त्यांनी वाढवायची. त्यामुळे संख्या वाढली, पण नवा प्रश्न उभा राहिला. परक्या जातीने वाढवलेले झेब्रा फिंचचे नर मोठे झाल्यावर त्या पालक जातीच्याच माद्यांना मागणी घालतात, हे इमेलमान यांच्या १९६० च्या दशकातल्या प्रयोगांनी सिद्ध केले. अशा नराला स्वजातीची मादी जोडीला दिली की तो तिला हुसकावतो आणि भांडण जोडीतच सुरू होते. म्हणून काळजीपूर्वक पैदास करणारे लोक आज पिल्ले शक्यतो खऱ्या आईबापांखालीच वाढवतात. दाईपक्ष्यांकडे सोपवावे लागलेच, तर पिल्ले दाणे टिपू लागल्यावर त्यांना लवकर स्वजातीच्या थव्यात सोडतात.

गोल्डियनच्या रंगातही भांडणाचे एक कारण सापडले. या जातीत डोक्याचा रंग काळा, लाल किंवा क्वचित पिवळा असतो. सारा प्राइक आणि सायमन ग्रिफिथ यांनी २००६ मध्ये दाखवले की दाण्याच्या जागेवरून चकमक झाली की लाल डोक्याचे पक्षी काळ्या डोक्याच्या पक्ष्यांवर वरचढ ठरतात. लाल डोक्याचे अनेक नर एका पिंजऱ्यात कोंबले की ताण वाढतो. लाल रंगाच्या दोन जाती एकत्र ठेवू नयेत, हा जुन्या पालकांचा नियम अनुभवाने ठरला होता. या संशोधनाने त्याला आधार मिळाला.

जोडी कोणी ठरवायची, हा प्रश्नही याच इतिहासाचा भाग आहे. पालक रंग आणि वंश पाहून जोड्या लावत आले. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत नॅन्सी बर्ली यांनी दाखवले की पायात लाल कडे असलेला झेब्रा फिंचचा नर माद्यांना अधिक आवडतो. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम नेहमी आढळला नाही, तरी ओळखीसाठी घातलेल्या कड्यांचाही विचार करावा, ही जाण त्यातून आली. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये झेब्रा फिंचच्या दोन तऱ्हेच्या जोड्यांची तुलना प्रसिद्ध केली. काहींना जोडीदार स्वतः निवडू दिला, काहींना संशोधकांनी जोडून दिला. स्वतः निवडलेल्या जोड्यांची जगलेली पिल्ले ३७ टक्के अधिक निघाली. लादलेल्या जोड्यांत अंडी अधिक वाया गेली आणि पिल्ले पहिल्या दोन दिवसांत अधिक मेली. म्हणून समजदार पालक आधी काही नर-माद्या एकत्र सोडतात. जे दोघे एका दांडीवर अंगाला अंग लावून बसतात, एकमेकांची मान विंचरतात, त्यांना मग वेगळा पिंजरा देतात.

या दीर्घ अनुभवातून पैदाशीचे आजचे नियम तयार झाले. एका पिंजऱ्यात एक जोडी ठेवावी, किंवा मोठ्या जाळीघरात तीन किंवा त्याहून अधिक जोड्या सोडाव्यात. दोन जोड्या मात्र एकत्र ठेवू नयेत, कारण वरचढ नराचा सगळा राग एकाच प्रतिस्पर्ध्यावर निघतो. अधिक जोड्यांत तो विभागला जातो. थव्यात नर-माद्यांची संख्या सारखी असावी, जादा नर राहू नये. घरटी जोड्यांपेक्षा जास्त आणि एकाच उंचीवर टांगावीत. वरचे घरटे सगळ्यांनाच हवे असते, त्यामुळे उंचसखल घरटी म्हणजे भांडणाला आमंत्रण. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवली, की दुबळ्या पक्ष्याला उपाशी राहावे लागत नाही. मध्ये फांद्या किंवा पडदा असला, की हरलेला पक्षी नजरेआड होऊ शकतो. नवे पक्षी जुन्यांत एकेक करून घालू नयेत. सगळ्यांना एकाच दिवशी नव्याने मांडलेल्या पिंजऱ्यात सोडल्यास जागेवर जुना हक्क कोणाचाच राहत नाही.

पिसांच्या बाबतीतला मुख्य उपाय म्हणजे घरट्याचे सामान वेळेवर देणे आणि वेळेवर काढणे. जोडी घरटे बांधत असताना सुके गवत, मऊ केलेला काथ्या आणि स्वच्छ पांढरी पिसे मुबलक द्यावीत. अंडी घातली की उरलेले सामान काढून घ्यावे, नाहीतर काही जोड्या अंड्यांवरच अस्तर रचत राहतात. पिल्ले घरट्याबाहेर येण्याच्या सुमारास पुन्हा पिसे ठेवावीत, म्हणजे पुढच्या विणीची घाई झालेल्या आईबापांची चोच पिल्लांकडे जात नाही. तरीही उपटणे सुरू झाले, तर पिंजऱ्यात जाळीचा आडपडदा घालावा. पलीकडून आईबाप चारा भरवतात, पण पाठीपर्यंत पोचत नाहीत. पिल्ले स्वतः खाऊ लागली की वेगळी करावीत. वर्षातून दोन-तीन विणींनंतर घरटी काढून पक्ष्यांना महिनोन्‌महिने विश्रांती द्यावी. अंडी घालून आणि पिल्ले भरवून थकलेली मादी सर्वांत आधी उपटली जाते.

बोडका पक्षी दिसला की कारण ओळखणे पहिले. पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे डोके आणि मानेचा मागचा भाग उघडा पडला असेल, तर बहुधा दुसऱ्या पक्ष्याने उपटले आहे. पिसे नैसर्गिकपणे झडताना मोठे चट्टे पडत नाहीत, जुन्या पिसाच्या जागी नवे कोंब दिसतात. रात्री बाहेर पडणारे लाल माइट किडे लाकडाच्या फटींत लपतात आणि पक्ष्यांना बेचैन करतात, म्हणून पिंजऱ्याचे कोपरे तपासावेत. नुसत्या राळ्यावर वाढणाऱ्या पक्ष्यांना प्रथिने कमी पडतात. विणीच्या व पीसझडीच्या दिवसांत उकडलेले अंडे, मोड आलेले दाणे, हिरवा पाला आणि समुद्रफेस द्यावा. उपटलेल्या पिसाच्या जागी नवे पीस लगेच फुटू लागते आणि काही आठवड्यांत अंग भरते. तुटलेले पीस मात्र पुढच्या झडीपर्यंत तसेच राहते. रक्त आलेला पक्षी त्याच क्षणी वेगळा करावा. त्याला थव्यात ठेवून औषध करण्यात अर्थ नसतो.

भारतात या व्यवसायाचे रूप कायद्याने बदलले. १९७० आणि १९८० च्या दशकांपर्यंत भारतातून मुनिया मोठ्या संख्येने परदेशी जात होत्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती होऊन देशी रानपक्ष्यांचा व्यापार बंद झाला. तोवर मध्य भारत आणि अबूच्या परिसरातली हिरवी मुनिया पकडीमुळे दुर्मिळ झाली होती. त्यानंतर मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारांत आणि घरोघरच्या पिंजऱ्यांत कायदेशीर जागा राहिली ती झेब्रा आणि बेंगालीजसारख्या परदेशी, पैदाशीच्या पक्ष्यांना. पिंजऱ्यात टांगलेले छोटे मडके हे इथले नेहमीचे घरटे. मडके स्वस्त असते, धुता येते आणि उन्हाळ्यात त्याच्या आतली हवा बरी राहते. पण त्यात सामान कमी मावते, आणि लहान पिंजऱ्यात वर्षभर टांगलेले मडके हेच पीस उपटण्याचे सर्वसाधारण कारण ठरते. इतर देशांत शंभर वर्षांत मिळालेला धडा इथे पुन्हा लागू होतो : मडके काढून ठेवणे हा विणीच्या व्यवस्थापनाचाच भाग आहे.

सगळी काळजी घेऊनही काही पक्षी थव्यात राहू शकत नाहीत. ऑस्ट्रेलियाचा क्रिमसन फिंच जाळीघरात इतर जातींना मारतो, म्हणून त्याची एकेक जोडी वेगळी ठेवतात. झेब्रा फिंचमध्येही पुरेसे सामान, जागा आणि विश्रांती देऊनही पिल्ले उपटणारी एखादी जोडी निघते. अशा जोडीला स्वतंत्र पिंजरा द्यावा आणि तिची पुढची वीण धरू नये. शांत जोड्यांची पिल्ले पुढच्या पैदाशीसाठी ठेवावीत. बेंगालीज फिंचच्या बाबतीत जपानी पालकांनी अडीचशे वर्षे हीच निवड सातत्याने केली.